शाळा फुकट, मग पैसे कशाचे?

जून उजाडला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या, ऑफिसांच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरू लागतो. मुळशीतल्या अमुक वस्तीवरच्या मुलाचं शैक्षणिक पालकत्व घ्या, वर्षाला इतके हजार, पावती मिळेल, ८०-जी मिळेल. खाली नवं दप्तर पाठीला लावलेल्या मुलीचा फोटो. दहा जण हात जोडल्याची खूण टाकतात, दोघं-तिघं खरोखर पैसे पाठवतात, आणि गटातले एक चिकित्सक काका विचारतात, ‘जिल्हा परिषदेची शाळा फुकट असते ना? पुस्तकं सरकार देतं, गणवेश सरकार देतं, दुपारची खिचडीसुद्धा सरकारच देतं. मग हे पैसे कशाचे?’

काकांना सहसा कोणी उत्तर देत नाही. प्रश्न मात्र रास्त आहे. ६ ते १४ वर्षं वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणारा कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तरीही डोंगरातली मुलं शाळेतून गळतात आणि तरीही संस्था त्यांच्यासाठी पालक शोधत फिरतात. यात कोणीतरी आपल्याला बनवतंय अशी शंका कोणालाही येईल. पण शाळा फुकट आहे हे खरं, आणि शाळेत जाणं महाग आहे हेही तितकंच खरं.

फुकट शाळेचं बिल

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडीचं आयटी पार्क आहे आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा घाट. मध्ये पिरंगुटचे कारखाने, भूगाव-भुकूमच्या वाढत्या इमारती, तालुक्याचं ठिकाण पौड आणि पुढे टाटांच्या धरणाचा फुगवटा. या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. भाताची खाचरं बुडाली, गावं डोंगराकडे सरकली, आणि अडवलेलं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागलं. धरणाच्या कडेच्या वाड्या इतक्या विखुरलेल्या का आणि वरकस जमिनीवर घर का भागत नाही, याचं अर्धं उत्तर त्या पाण्याखाली आहे.

उरलेलं अर्धं पूर्वेकडून आलं, जमिनीच्या भावाच्या रूपात. जमीन विकली, गाडी आली, पैसा संपला आणि मालक त्याच जमिनीवरच्या सोसायटीत वॉचमन झाला. ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने २०१८ मध्ये ही गोष्ट राज्यभर पोचवली. मात्र ज्यांच्याकडे विकायलाही जमीन नव्हती ते कातकरी या दोन्ही गोष्टींत कुठेच नाहीत. पालकत्वाच्या निरोपातली मुलं बऱ्याचदा त्यांची, नाहीतर डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाड्यांतली, नाहीतर बाप गेलेल्या घरातली असतात.

या घरांना फुकट शाळेचं बिल येतं ते असं. पहिली रक्कम अंतराची. वाडीवर चौथी-पाचवीपर्यंत शाळा, त्यापुढे मोठं गाव, अकरावी-बारावीला पौड किंवा पिरंगुट. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून. पण पास एसटीचा आणि एसटी डांबरी रस्त्याची. वाडीपासून फाट्यापर्यंतची पायवाट, मधला ओढा आणि ताम्हिणी पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस यांना पास चालत नाही. एसटी चुकली तर वडाप, आणि वडापवाल्याला रोख लागते.

दुसरी रक्कम हंगामाची. दिवाळी झाली की वीटभट्टीच्या किंवा कोळसाभट्टीच्या मालकाकडून घेतलेली उचल फेडायला कातकरी कुटुंबं वस्ती सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होऊन एप्रिलला संपतं. म्हणजे मूल पटावर असतं, वर्गात नसतं. ठाणे जिल्ह्यात विवेक पंडितांच्या विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्टीवरच भोंगाशाळा काढल्या, त्या याच कारणाने. भट्टीवरच्या तात्पुरत्या खोपटाला ‘भोंगा’ म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे आई-बाप भट्टीवर गेले तरी मूल गावात राहील अशी सोय करणं: आजीकडे धान्य पोचवणं किंवा वसतिगृह. दोन्हींना पैसे लागतात आणि दोन्हींसाठी सरकारी सोयी दरवेळी पुरेशा पडत नाहीत.

तिसरी रक्कम सर्वांत मोठी आणि कुठल्याच पावतीवर न येणारी. मूल शाळेत गेलं की त्याचा रोज बुडतो. अर्थशास्त्रात याला ‘संधी-किंमत’ म्हणतात. एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागली तिची किंमत. आठ वर्षांच्या मुलीचा रोज नसतो असं आपल्याला वाटतं, पण ती धाकट्या भावाला सांभाळते म्हणून आई लावणीला जाऊ शकते. चौदा वर्षांच्या मुलाला तर पिरंगुट-हिंजवडीच्या बाजूला ढाब्यावर, गॅरेजमध्ये, बांधकामावर कोणीही उभं करून घेतं. आता कायद्याकडे पुन्हा बघा. मोफत शिक्षणाची हमी चौदाव्या वर्षी संपते. ज्या वर्षी सरकारचा हात सुटतो, त्याच वर्षी मुलाचा रोज वाढतो. गळती नववीला आणि दहावीनंतर का होते, हे समजायला यापेक्षा गुंतागुंतीचा सिद्धांत लागत नाही.

शैक्षणिक पालकत्वाचे पैसे या बिलापोटी असतात. वह्या-दप्तर हा त्यातला फोटोत दिसणारा भाग. न दिसणाऱ्या भागात प्रवास, वसतिगृहाचं जेवण, संध्याकाळची अभ्यासिका, दहावीचा परीक्षा अर्ज, चष्मा, दवाखाना, आणि घरोघर फिरणारा एक कार्यकर्ता.

पंगत कोणाच्या नावाची?

आता काकांचा दुसरा, न विचारलेला प्रश्न. मी दिलेले बारा हजार फोटोतल्या त्याच मुलीला मिळतात का?

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा रोजच्या पंगतीचं नाव पुकारलं जातं: ‘आजची पंगत अमक्या पाटलांकडून.’ पण पाटलांनी दिलेले गहू-तांदूळ वेगळ्या पातेल्यात शिजत नाहीत. सगळ्यांचा शिधा एका कोठीत जातो, आचारी एकच, आणि पाटलांच्या दिवशी चारशे पानं उठली काय नि सहाशे उठली काय, कोणी उपाशी जात नाही. पाटलांचं नाव खोटं असतं का? नाही. त्यांनी दिलं म्हणून तर कोठी भरली. फक्त त्यांचा दाणा कुठल्या पानात पडला ते सांगता येत नाही.

बऱ्याच संस्थांचं पालकत्व असंच चालतं. पैसे एका निधीत जमा होतात, त्यातून वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी अभ्यासिका, वाहन, आरोग्य तपासणी चालते, आणि प्रत्येक दात्याला एका मुलाचं नाव दिलं जातं. काही संस्था उलट करतात: त्या मुलाच्या किंवा आईच्या खात्यात थेट रक्कम भरतात, नाहीतर वसतिगृहाची त्याची फी भरतात. पहिल्या पद्धतीत शेजारच्या घरातलं मूल वगळलं जात नाही. दुसरीत हिशेब स्वच्छ दिसतो, पण एकाच ओसरीवरच्या दोन चुलतभावांत एकाला नवी सायकल आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं होतं. पंचवीस घरांच्या वस्तीत ही गोष्ट लहान नसते.

माझं मत पहिल्या पद्धतीकडे झुकतं. मात्र एका अटीवर: संस्थेने तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे. कोठी एक आहे हे लपवून ‘तुमचे पैसे तुमच्याच मुलीला’ असं भासवणं ही फसवणूक आहे, मग काम कितीही चांगलं असो.

वार, वर्तुळं आणि करारनामे

पालकत्व ही परदेशी कल्पना, असं अनेकांना वाटतं. पुण्याला तरी ती नवी नाही. गरीब विद्यार्थ्याने आठवड्याचे सात वार सात घरी लावून जेवायचं, ही पद्धत इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. एका घरावर बोजा नाही आणि मुलाचं शिक्षण सुटत नाही, असा तो हिशेब. तिचे दोष त्यातून शिकलेल्यांनाच ठाऊक: जातीच्या चौकटीबाहेर तिचा दरवाजा उघडत नसे, आणि जेवताना वाढणाऱ्याचा चेहरा वाचावा लागे. १९०९ मध्ये सुरू झालेलं अनाथ विद्यार्थी गृह, आजचं पुणे विद्यार्थी गृह, आणि १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती यांनी ही विखुरलेली दया एका छताखाली आणून तिचं संस्थेत रूपांतर केलं. घराघरांतल्या ताटाची जागा वसतिगृहाच्या ताटाने घेतली. दाता आणि मूल यांच्यामध्ये एक हिशेबवही आली. मुलाच्या दृष्टीने हा मोठा फरक होता.

परदेशी दात्यांची आजच्यासारखी रचनाही पुणे जिल्ह्याने १३५ वर्षांपूर्वी पाहिली. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून १८८६ मध्ये अमेरिकेला गेलेल्या पंडिता रमाबाई तिथे व्याख्यानं देत फिरल्या. त्यातून बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिच्या शाखा, ज्यांना ‘रमाबाई वर्तुळं’ म्हणत, गावोगाव निघाल्या. सभासदांनी दहा वर्षं दरसाल ठरावीक वर्गणी देण्याचा शब्द दिला. या भरवशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत मुलींना शिकवणारं शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. एकरकमी देणगीपेक्षा लहान पण ठरलेली, अनेक वर्षांची रक्कम मोलाची, कारण तिच्या आधारावर मुलीला पहिलीत घेताना तिची सातवीही धरून चालता येते: हे गणित रमाबाईंना पुरतं कळलं होतं.

वादही आजच्यासारखेच होते. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आरोपावरून १८९३ मध्ये वादळ उठलं, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पैसा देणारा हजारो मैलांवर, मूल घेणारी संस्था मध्ये, आणि मुलीचं गाव संशयाने बघतंय, हा त्रिकोण तेव्हापासून आहे.

तिसरं उदाहरण सर्वांना माहीत आहे, पण या अंगाने क्वचित पाहिलं जातं. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार होता, शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये करारानुसार आंबेडकर बडोद्याला रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. नाव बदलून पारशी वसतिगृहात राहावं लागलं आणि तिथूनही लोक लाठ्या घेऊन हुसकावायला आले. शिक्षणाचा खर्च एका दात्याने उचलला म्हणून अवतीभवतीचा समाज बदलत नाही, याचा एवढा उघड पुरावा शोधून सापडणार नाही. आणि तरी ती शिष्यवृत्ती नसती तर? पालकत्वाची ताकद आणि मर्यादा, दोन्ही या एका उदाहरणात मावतात.

कर्मवीर भाऊराव पाटलांना बहुधा दात्याच्या उपकाराचंच ओझं नको होतं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढताना त्यांनी मुलाच्या हातात कुदळ दिली: कमवा आणि शिका. वसतिगृहासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, लोकांकडून धान्य आलं, पण मूल कोणाचं मिंधं झालं नाही. दात्याची वाट मात्र बंद झाली नाही: १९८३ मध्ये राज्य सरकारने सावित्रीबाई फुले दत्तक-पालक योजना आणली, त्यात गरीब मुलीच्या शिक्षणासाठी दात्याने महिना तीस रुपये द्यायचे होते. शिक्षकांनी आपल्याच खिशातून मुली ‘दत्तक’ घेतल्याच्या आठवणी जुने गुरुजी अजून सांगतात.

फोटोमागचा कारखाना

मुलाचा फोटो, नाव आणि पत्र ही पद्धत जगभर रुजली ती युद्धांमुळे. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धातल्या पोरक्या मुलांसाठी ब्रिटिश पत्रकार जॉन लँग्डन-डेव्हिस यांनी सुरू केलेली योजना आज प्लॅन इंटरनॅशनल म्हणून ओळखली जाते. पन्नासच्या दशकात कोरियातल्या युद्धानंतर वर्ल्ड व्हिजन आणि कम्पॅशन या अमेरिकी ख्रिस्ती संस्थांनी तीच वाट धरली. पुण्यातही १९७५ पासून ‘कास्प’ ही अशीच संस्था आहे. पाषाणला तिचं कार्यालय आहे आणि तिच्या नावातला शेवटचा ‘स्प’ ‘स्पॉन्सरशिप प्रोग्रॅम’चाच.

पद्धत चालते ती मनाच्या एका सवयीमुळे. ‘तालुक्यात हजारो मुलं गरीब आहेत’ हे वाचून खिशात हात जात नाही. ‘ही आठ वर्षांची मुलगी’ म्हटलं की जातो, आणि पुढच्या वर्षी तिचंच पत्र आलं की पुन्हा जातो. संस्थेच्या दृष्टीने फोटोचं काम दात्याला टिकवून धरणं हे आहे. त्यात गैर काही नाही. दाता सात वर्षं टिकला तर मूल सात वर्षं टिकतं. पण या कारखान्याला खर्च येतो. पत्रं लिहून घ्या, भाषांतर करा, फोटो काढा, पाठवा. आणि मुलाला उगाच कळत राहतं की आपण कोणाच्या तरी उपकारावर आहोत.

टीका जुनी आहे. १९८२ मध्ये ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ या मासिकाने ‘या मुलाला प्रायोजित करू नका’ असं मुखपृष्ठावरून सांगितलं. १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या पत्रकारांनी मोठ्या संस्थांमार्फत स्वतः बारा मुलं प्रायोजित केली आणि मग ती शोधत निघाले. आफ्रिकेतल्या माली देशातली एक मुलगी तर मरण पावलेली होती, आणि तिच्या नावावर वर्गणी घेणं सुरूच होतं. त्यानंतर अमेरिकी संस्थांनी तपासणीचे नियम कडक केले. बऱ्याच संस्था एका मुलाकडून वस्तीकडे वळल्या त्या या टीकेच्या रेट्याने.

उपयोग होतो का?

इतके आक्षेप असताना कोणीतरी नीट मोजायला हवं होतं. ते काम अर्थशास्त्रज्ञ ब्रूस वायडिक, पॉल ग्लेव्ही आणि लेन रटलेज यांनी केलं आणि २०१३ मध्ये छापलं. अडचण अशी की प्रायोजित मुलं शिकली म्हणून प्रायोजनाला श्रेय देता येत नाही. कदाचित हुशार मुलं किंवा धडपडे आई-बापच निवडले गेले असतील. त्यांनी एक चांगली युक्ती वापरली. कम्पॅशनचा नियम होता की गावात योजना येईल तेव्हा बारा वर्षांपर्यंतचंच मूल घ्यायचं. म्हणजे त्या दिवशी अकरा वर्षांची बहीण बसली आणि चौदा वर्षांचा भाऊ केवळ वयामुळे सुटला. घर तेच, आई-बाप तेच. अशा भावंडांची आणि शेजारच्या गावांची तुलना त्यांनी सहा देशांत केली, त्यात भारतही होता. दहा हजारांवर माणसांची माहिती, आणि तीही ती मोठी झाल्यावर.

निष्कर्ष: प्रायोजित मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली. माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याचं प्रमाण १२ ते १८ टक्के-बिंदूंनी वाढलं. मोठेपणी पगारी, टेबलावरची नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. एक ते दीड वर्ष ऐकायला थोडं वाटतं. पण आठवीला सुटणं आणि दहावीच्या उंबऱ्यापर्यंत पोचणं यांत तेवढंच अंतर असतं.

का घडलं हे शोधताना संशोधकांना पैशाशिवाय आणखी काही जाणवलं. ही मुलं स्वतःबद्दल मोठी अपेक्षा ठेवत होती. पुढे इंडोनेशियातल्या मुलांनी काढलेल्या स्वतःच्या चित्रांवरूनही तसंच दिसलं. यात दूरच्या दात्याच्या पत्राचा वाटा किती आणि आठवड्यातून अनेकदा भेटणाऱ्या स्थानिक ताई-दादांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मला दुसऱ्याचा वाटा मोठा वाटतो. ‘तू दहावीला बसणार आहेस’ हे दरवर्षी घरी येऊन सांगणारं माणूस ज्या वस्तीत आहे, तिथे ते वाक्य हळूहळू आईच्याही तोंडी येतं.

ज्या कम्पॅशनवर हा अभ्यास झाला, तिला २०१७ मध्ये भारत सोडावा लागला. तिच्या परदेशी देणगीवर सरकारने पूर्वपरवानगीची अट घातली, ती मिळाली नाही, आणि जवळपास दीड लाख भारतीय मुलांचं प्रायोजन थांबलं. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीचा कायदा आणखी आवळला: पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत यायला हवेत, एका संस्थेने दुसरीला ते देता कामा नयेत, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. मोठी संस्था परदेशातून पैसे आणून खेड्यातल्या लहान संस्थेला देते, ही साखळी त्यामुळे तुटली. व्हॉट्सॲपवरचे निरोप वाढायला हेही एक कारण असावं.

बारा हजारांचे सत्तावीस हजार

आता या विषयातली सर्वांत कमी माहिती असलेली गोष्ट. सरकार स्वतःच पालकत्व घेतं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. वडील किंवा आई गेलेल्या, पालक गंभीर आजारी असलेल्या, निराधार अशा १८ वर्षांपर्यंतच्या मुलाला घरीच राहून महिना २,२५० रुपये मिळतात. २०२३ च्या आधी ही रक्कम १,१०० होती. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिना ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे, ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत असेल तर.

बालसंगोपनाचे वर्षाला २७,००० रुपये झाले. इतके पैसे देणारा खासगी दाता विरळा. मग सगळ्या पात्र मुलांना ते का मिळत नाहीत? उत्तर कागदांत आहे. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँक खातं, शाळेचा दाखला. मग जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज आणि बालकल्याण समितीपुढे हजेरी. ताम्हिणीकडच्या वाडीतून आईने मुलाला घेऊन पुण्याला जायचं म्हणजे दिवसाचा रोज गेला, भाडं गेलं, आणि साहेब रजेवर निघाले तर पुन्हा तेच. कातकरी घरात तर अडचण त्याआधीच सुरू होते: बाळ भट्टीवर जन्मलं, जन्माची नोंद कुठेच नाही, म्हणून पुढचा एकही कागद नाही.

इथे तो कार्यकर्ता कामाला येतो. ज्याला कुठला अर्ज कोणत्या टेबलावर अडतो हे माहीत आहे, जो तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे, पौडच्या तहसील कचेरीत तीन खेटे घालू शकतो. समजा तुमच्या महिना हजार रुपयांतला मोठा भाग त्याच्या पगारात गेला आणि त्याने वर्षात एकाच विधवेच्या एका मुलाचं बालसंगोपन मंजूर करून घेतलं. तुमचे बारा हजार, मुलाला सत्तावीस हजार, आणि पुढच्या वर्षीही सत्तावीस हजार. वर्षात त्याने अशी पाच प्रकरणं लावली तर हिशेब वाचकांनीच करावा.

म्हणून ‘शंभर टक्के रक्कम थेट मुलाला, प्रशासकीय खर्च शून्य’ अशी जाहिरात पाहिली की मला आनंदाऐवजी काळजी वाटते. कार्यकर्त्याचा पगार ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून दाखवायची लाज वाटणारी संस्था एक तर तो हिशेबात लपवते, नाहीतर कार्यकर्ताच ठेवत नाही.

चौकट: पैसे पाठवण्याआधी विचारा

• रक्कम एका मुलाला जाते की वस्तीच्या निधीत? दोन्ही चालेल, उत्तर सरळ हवं.

• वस्तीवर आठवड्यातून किती वेळा, कोण जातं? ती व्यक्ती किती वर्षं काम करते आहे?

• मागच्या वर्षी किती मुलांचं बालसंगोपन, जातीचा दाखला, आधार करून दिलं?

• मूल दहावीनंतर काय करतं? संस्था तेव्हाही सोबत असते का?

• मी दोन वर्षांनी थांबलो तर मुलाचं काय? चांगल्या संस्थेकडे याचं उत्तर तयार असतं.

• मुलाचं पूर्ण नाव, गाव आणि फोटो समाजमाध्यमांवर टाकता का? ‘हो’ असेल तर सावध व्हा.

• पावतीवर ८०-जी आहे का? दोन हजारांवरची रोख देणगी करसवलतीला चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही.

मिसरूड फुटलेला मुलगा

दात्यांना लहान मुलं आवडतात. दोन वेण्या घातलेल्या, समोरचे दात पडलेल्या मुलीला पालक लगेच मिळतो. त्या मुलीसाठी मात्र सरकारने बरंच काही केलेलं असतं: वाडीवर शाळा आहे, दुपारी जेवण आहे, पुस्तकं आहेत. खरी तंगी सुरू होते ती नववीत, जेव्हा तिला फाट्यापर्यंत चालत जावं लागतं आणि घरी तिच्या लग्नाचा विषय निघतो. तिच्या मोठ्या भावाची अवस्था याहून वाईट. पंधरा-सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, कॅमेऱ्याकडे न हसता बघणारा मुलगा कोणाच्याच निरोपात नसतो. त्याला हवी असते पौडला किंवा पुण्याला वसतिगृहाची खाट, आयटीआयच्या फॉर्मपासून प्रवेशापर्यंत सोबत येणारं कोणी, दोन वर्षांचा प्रवासखर्च, आणि घरात त्याच्या बुडालेल्या रोजाची थोडी भरपाई. हिंजवडीच्या कंपनीत त्याला आज हाउसकीपिंगचं काम मिळतं. दोन वर्षांनी त्याच कंपनीच्या विजेच्या पॅनेलवर काम करायचं असेल, तर वायरमनचं प्रमाणपत्र लागतं.

संस्थांना विचारलं तर त्या सांगतात की या वयाच्या मुलांसाठी दाता मिळणं फार अवघड. पुढच्या जूनमध्ये निरोप आला तर काकांनी उलटा प्रश्न विचारून बघावा: तुमच्या यादीत नववीच्या पुढची, अजून पालक न मिळालेली किती मुलं आहेत? त्यातलं एक माझ्या नावावर टाका, आणि फोटो नाही पाठवला तरी चालेल.